पाच जणांना पाच गोष्टी माहीत होत्या, आणि पोरगं निघून गेलं

बालाघाटकर (धागाकर्ता) | ८ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली. एक प्रश्न विचारायचा आहे, पण आधी घडलेलं सांगतो.

बीएस्सी दुसऱ्या वर्षाला एक मुलगा आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि घराला कुलूप लागतं ते पार मार्चपर्यंत. मुलगा हॉस्टेलवर. डिसेंबरात तो वर्गात दिसेनासा झाला. मी हजेरीपटात दोनदा लाल गोल केला आणि पुढं गेलो. तिसऱ्या आठवड्यात फोन लावला तर बंद. मग जीव थाऱ्यावर राहीना, कॉलेजभर विचारत फिरलो. एका दिवसात कळलं ते असं.

शिष्यवृत्तीच्या खिडकीवर माहीत होतं की त्याचा मागच्या वर्षीचा हप्ता खात्यात आलाच नाही, तो तीनदा विचारून गेला होता. मेसच्या मावशींना माहीत होतं की महिनाभर तो एकाच वेळेला जेवतोय, रात्री "भूक नाही" म्हणतो. ग्रंथपालांनी पाहिलं होतं की वाचनालय बंद होईस्तोवर पुस्तक उघडून बसतो आणि पान काही उलटत नाही. हॉस्टेलच्या वॉचमनकाकांनी त्याला पहाटे पेटी घेऊन जाताना पाहिलं. "येतो काका" म्हणाला. आणि हजेरी मला माहीत होती.

प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघतच असेल. मलासुद्धा.

आमच्याकडं पालक-शिक्षक योजना आहे, म्हणजे प्रत्येक प्राध्यापकाला वीस-पंचवीस मुलं नेमून दिलेली. समान संधी केंद्र आहे, रासेयो म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आहे, तक्रार निवारण समिती आहे, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी सगळ्यांच्या फायली आहेत. या सगळ्यांची एकमेकांशी गाठ कशी घालायची? तुमच्याकडं कुणी घातली असेल तर कशी, ते सविस्तर लिहा. कळकळीनं विचारतोय.

पूर्णामाय | ८ जानेवारी, रात्री ९.५८

वाचून पोटात कालवलं सर. लेकरू सापडलं का?

बालाघाटकर | ८ जानेवारी, रात्री १०.१२

सापडलं ताई. त्याच्या गावच्या एका पोराकडून मुकादमाचा नंबर मिळाला. सांगली जिल्ह्यात फडावर आहे. वडिलांची कंबर धरली, त्यांना उभं राहवत नाही. मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल तर घेऊन बसलेले. म्हणून हा आईबरोबर कोयत्याला उभा राहिलाय. ही सहावी गोष्ट, आणि ती आमच्या पाचांतल्या कुणालाच माहीत नव्हती.

खिडकी_क्रमांक_दोन | ८ जानेवारी, रात्री ११.०५

सर, मी दुसऱ्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचंच काम बघतो, तेव्हा खिडकीच्या आतून बोलतो.

"पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या पोराचे पैसे पुष्कळदा आलेले असतात, फक्त दुसऱ्याच खात्यात. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची, रक्कम आधारवरून जाते. आधारशी शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात ती पडते. पोरगं बसस्टँडवरच्या टपरीत सिमकार्ड घेतं, टपरीवाला अंगठा घेऊन त्याच्या नावानं मोबाइलवरचं एखादं बँक खातं उघडतो, आणि जोडणी तिकडं सरकते. पोराला पत्ताच नाही. ते आपलं गावातल्या बँकेचं पासबुक महिन्याला भरून आणतंय. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलीय ते पाच मिनिटांत दिसतं. तुमच्या मुलाचं आधी हेच बघा.

दुसरं, अर्ज त्रुटीत परत येणं. उत्पन्नाचा दाखला जुना, नाहीतर नावात एक काना कमी. परत आल्याचा निरोप मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल बापाजवळ, बाप फडावर.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या स्वाधार योजनेचंही सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलाला वर्षाला ४३ हजार मंजूर होतात, पण ते हप्त्यांनी आणि मागाहून येतात. मेसवाला मात्र एक तारखेला रोख मागतो. शिवाय ७५ टक्के हजेरीची अट. पोरगं पोटासाठी कामाला गेलं की हजेरी जाते, आणि हजेरीपाठोपाठ पैसे.

मी एकटा आहे आणि अर्ज हजाराच्या वर. तरी एक कबूल करतो. कुणाचा अर्ज परत आला, कुणाचा हप्ता अडकला, ही यादी माझ्या संगणकावर कधीही काढता येते. आजवर एकाही प्राध्यापकानं ती मागितली नाही, आणि मीही उठून कुणाला नेऊन दिली नाही. तुमचा धागा वाचून उद्या सकाळी पहिलं काम ते करणार आहे.

तेरणा_तीर | ९ जानेवारी, सकाळी ७.२०

यात अवघड काय आहे? व्हॉट्सअॅपचा ग्रुप करा. प्राचार्य, रेक्टर, क्लार्क, ग्रंथपाल, मेसवाले, सगळे त्यात. गरजू मुलांची यादी कारणासहित टाका. आमच्याकडं दोन वर्षं असा ग्रुप चालू आहे, मदत झटकन होते. एका मुलाची परीक्षा फी वीस मिनिटांत जमली होती.

औंढ्याची_वाट | ९ जानेवारी, सकाळी ८.०३

तेरणा_तीर दादा, हात जोडतो, असं नका करू. मी त्या यादीत होतो.

अकरा वर्षं झाली. आमच्या कॉलेजात गरजू मुलांना मोफत जेवणाची सोय केली होती. एका सकाळी नोटीसबोर्डावर यादी लागली. नाव, गाव, आणि पुढं कंसात कारण. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, "वडिलांची आत्महत्या". मी तोवर वर्गात कुणालाही सांगितलं नव्हतं. वडील आजारानं गेले असं सांगून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी मेसमध्ये पाऊल ठेवलं नाही. दोन महिने मुरमुरे आणि खारे शेंगदाणे खाऊन काढले. ज्यांनी पैसे दिले त्यांचं मन फार चांगलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की वर्गातल्या सगळ्यांनी तो कंस वाचलाय.

आज मी पुण्यात बऱ्या नोकरीत आहे. दरवर्षी दोन मुलांची मेस भरतो. पैसे मेसवाल्याच्या हातात देतो आणि सांगतो, पोराचं नाव मला सांगू नका.

तेरणा_तीर | ९ जानेवारी, सकाळी ८.४१

माफ करा. मनापासून. आमच्या ग्रुपवरही कारणं लिहिलेली असतात, आणि ग्रुपमध्ये साठ माणसं आहेत. हे कधी डोक्यातच आलं नाही. आज तो ग्रुप बंद करायला लावतो.

पण मग बालाघाटकर सरांचा प्रश्न जिथल्या तिथंच राहतो ना? मावशींना माहीत असलेलं सरांना कळायचं कसं? नावच घ्यायचं नाही म्हटलं तर गाठ बांधायची कशाला?

मन_मोकळं | ९ जानेवारी, सकाळी ११.३०

मी लातूरला समुपदेशक आहे. तेरणा_तीर यांचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देऊन बघते.

नाव सांगावं लागतं. कहाणी सांगावी लागत नाही. "अमुक मुलगा आठ दिवस रात्री जेवत नाही" एवढं मावशींनी सांगितलं तर पुरे. का जेवत नाही याचा तर्क त्यांनी करायचा नाही, आणि पुढच्यानं तो विचारायचाही नाही. खूण पोचवायची. कारण त्या मुलाकडूनच येऊ द्यायचं, त्याच्या वेळेनं. आणि जे तो सांगेल ते आणखी कुणाला सांगायचं असेल तर आधी त्यालाच विचारायचं: "बाबा, क्लार्कशी बोललं तर काम होईल, बोलू का?" बहुतेक पोरं हो म्हणतात. न विचारता केलं तर त्याच पोराचा विश्वास कायमचा जातो.

खूण पोचवायची कुणाला? साठ जणांना नको. एकाला. तो आजारी पडला तर म्हणून दुसरा. बस.

याला अपवाद एकच, जिवाला धोका वाटला तर. तेव्हा गुप्ततेचा विचार बाजूला. मुलाला एकटं सोडायचं नाही, आणि सरळ विचारायचं, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?" लोक घाबरतात, विचारल्यानं डोक्यात येईल म्हणून. तसं होत नाही. विचारल्यावर पोरं रडतात आणि बोलायला लागतात. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. हे दोन पत्ते हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावून ठेवा.

आणखी एक. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आहे: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. प्राचार्यांपुढं हा निकाल ठेवा. मागणी करायला आधार लागतो, तो हा.

तासिका_तत्त्व | ९ जानेवारी, दुपारी १.१५

सगळ्यांचं पटतंय, पण एक बाजू कुणी मांडली नाही ती मी मांडतो. मी नांदेड भागात तासिका तत्त्वावर शिकवतो. नऊ वर्षं. आमच्या विभागात कायम प्राध्यापक एक, बाकी आम्ही तिघं. तासाचे पैसे मिळतात, तेही वर्षाअखेरीला. पालक-शिक्षक म्हणून माझ्या नावावर चाळीस मुलं आहेत. त्याचा एक रुपया नाही. तास संपला की मी दुसऱ्या कॉलेजात पळतो, कारण घर चालवायचं आहे.

तरीही पोरं येतात. आमच्याकडंच येतात, कारण आम्ही वयानं जवळचे. मागच्या वर्षी एका मुलीची परीक्षा फी मी भरली, उसनवारी करून. मला त्याचं दुःख नाही. पण सारी व्यवस्था अशा लपून केलेल्या मदतीवर उभी आहे, आणि जो मदत करतोय तो स्वतःच कधी घसरेल सांगता येत नाही. एकाला जबाबदारी द्या म्हणता. तो एक जण कायम नोकरीतला पाहिजे, आणि त्याचे तास कमी करून त्याला वेळ दिला पाहिजे. नाहीतर तो "एक जण" जूनमध्ये मी असेन आणि पुढच्या जूनमध्ये मी तिथं नसेन.

बालाघाटकर | ९ जानेवारी, दुपारी ३.००

तासिका_तत्त्व सर, तुमचं म्हणणं माझ्या मनात खोल गेलं. मी कायम नोकरीत आहे. आमच्याकडंही पोरांचं बहुतेक ओझं तुमच्यासारख्यांवरच पडतं आणि आम्ही ते गृहीत धरून चालतो. जबाबदारी कायम माणसानंच घ्यायची, हे मी पक्कं धरलं.

औशाची_गाडी | ९ जानेवारी, सायंकाळी ५.२२

जरा वेगळं सांगतो, पण विषयालाच धरून आहे. लातूरला अकरावी-बारावीला असताना माझा डबा सकाळच्या गाडीनं यायचा. आई चारला उठून करायची, वडील स्टँडवर नेऊन द्यायचे, कंडक्टरमामा समोरच्या फळीवर मांडून आणायचे. त्या गाडीत वीस-पंचवीस डबे असायचे. मामांना प्रत्येक घराची खबर. कुणाचा डबा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी स्वतः विचारायचे, "का रे, माय बरी आहे ना?" मला बाजरीची भाकरी आणि कारळाची चटणी यायची, आणि मामांचा तो प्रश्न यायचा.

किल्लारीचा_पाहुणा | ९ जानेवारी, सायंकाळी ६.१०

औशाची_गाडी, जुने दिवस आठवले. आमच्या गाडीत एकदा डब्यांची अदलाबदल झाली. महिनाभर मी दुसऱ्याच्या घरचं वांग्याचं भरीत खात होतो आणि तो माझ्या घरचं पिठलं. शेवटी स्टँडवर समोरासमोर आलो. तो आज माझा मेहुणा आहे, आणि ते भरीत ज्यांच्या हातचं होतं त्या माझ्या सासूबाई.

पूर्णामाय | ९ जानेवारी, सायंकाळी ६.३५

हसून हसून पुरेवाट झाली! पण बघा सर, कंडक्टरमामा जे करत होते तेच तुम्ही शोधायलात. डबा आला नाही हे मोजणारा माणूस.

शेवटची_गाडी_सव्वापाच | ९ जानेवारी, रात्री ८.४५

मी जालना जिल्ह्यात शिकवते. इथवर सगळी चर्चा हॉस्टेलच्या मुलांवर चाललीय. आमच्या बहुतेक मुली हॉस्टेलवर नाहीत, गावाहून एसटीनं येऊन-जाऊन करतात. त्यांचं गळणं वेगळं असतं.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रात्यक्षिकाला सारखी गैरहजर. आम्ही तिला बसवून समजावलं, भविष्याचं सांगितलं, समुपदेशनाला पाठवलं. चार महिने. ती मान खाली घालून "हो मॅडम" म्हणायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गैरहजर. शेवटी एक दिवस मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले, तिच्याच गाडीनं. तेव्हा कळलं. गाडीची वेळ बदलली होती. पूर्वी सहाला सुटायची, आता सव्वापाचला सुटते, आणि प्रात्यक्षिक संपतं साडेपाचला. पुढची गाडी नाही. वडिलांनी सांगून ठेवलेलं, दिवेलागणीच्या आत घरी नसलीस तर कॉलेज बंद. तिनं आम्हाला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं तर आम्ही वडिलांना फोन करू ही भीती.

चार महिने आम्ही तिच्या मनावर उपचार करत होतो आणि औषध डेपोत होतं. प्राचार्यांचं पत्र, दोन ग्रामपंचायतींचे ठराव आणि त्या मार्गावरच्या सतरा मुलींच्या सह्या घेऊन आगारप्रमुखांना भेटलो. गाडी पुन्हा सहाची झाली. सतराच्या सतरा मुलींची हजेरी सुधारली, आम्ही फक्त एकीसाठी गेलो होतो.

म्हणून माझं म्हणणं, जो एक माणूस नेमाल त्याला कॉलेजच्या फाटकाबाहेर जायची मुभा द्या. आणि मुलीच्या घरी बोलायचं तर आधी आईशी बोला. वडिलांपर्यंत गोष्ट कशी न्यायची ते तिला बरोबर ठाऊक असतं.

जुना_विद्यार्थी_७२ | १० जानेवारी, पहाटे ५.५०

मी आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९७२च्या दुष्काळात औरंगाबादला शिकत होतो. सुट्टीत गावी गेलो की दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि त्या पैशांतून वह्या घ्यायच्या. सगळेच तसे होते, त्यामुळं लाज नव्हती.

आमचे एक रेक्टर होते. दर शनिवारी संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरायचे. खाटेवर टेकायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "घरून पत्र आलं का?" आलं म्हटलं की पुढच्या खोलीत. नाही म्हटलं की बसायचे. पत्र थांबलं म्हणजे घरी काहीतरी झालं, हे त्यांना बरोबर कळायचं. एका शनिवारी ते माझ्या खाटेवर तासभर बसले होते. त्या तासामुळं मी पदवीधर झालो. आता पत्रं नाहीत. त्या प्रश्नाच्या जागी आज कोणता प्रश्न विचारावा, ते तुम्ही तरुणांनी ठरवा.

मन_मोकळं | १० जानेवारी, सकाळी ९.१५

काका, डोळे भरून आले. हॉस्टेलवरच्या मुलांना मी विचारते, "घरी शेवटचं कधी बोललास?" बहुधा तेच उत्तर मिळतं जे तुमच्या रेक्टरांना मिळायचं.

परांडेकर | १० जानेवारी, सकाळी १०.४०

गाठ घातली गेलेली मी एकदाच पाहिलीय, सप्टेंबर २०२५च्या पुरात. सीना असं रूप घेईल असं आमच्या परांडा-भूमकडं कुणाला वाटलं नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या कितीतरी पोरांच्या घरात पाणी शिरलं. गुणपत्रिका, दाखले, वह्या, सगळ्याचा लगदा. जनावरं गेली ते वेगळंच.

तेव्हा प्राचार्यांनी कॉलेजच्या दारात एक टेबल टाकलं. टेबलावर ग्रंथपाल मॅडम आणि रासेयोचा एक मुलगा. पोरगं आलं की कागद त्यांच्याकडं. डिजिलॉकरमधून कागद काढणं असो, विद्यापीठात दुसऱ्या गुणपत्रिकेचा अर्ज असो, मेस, कपडे, काय वाट्टेल ते. पोरानं एकदाच सांगायचं. पुढं कुणाकडं जायचं ते मॅडम बघणार. सगळेच अडचणीत, त्यामुळं टेबलाशी उभं राहायला कुणाला संकोच वाटला नाही. दिवसभर त्या टेबलाशी माणसं.

पंधरा दिवसांनी टेबल उचललं. पूर ओसरला ना. त्यानंतर तीच पोरं पुन्हा पाच खिडक्या हिंडायलीत. मला सारखं वाटतं, ते टेबल उचलायला नको होतं.

खिडकी_क्रमांक_दोन | १० जानेवारी, दुपारी १२.०५

परांडेकर, ग्रंथपालांची निवड मला फार आवडली. त्या एका जागी बसतात, वाचनालय सगळ्यांसाठी उघडं असतं, आणि तिथं गेलेल्या पोराला कुणी विचारत नाही, "इथं काय काम?" प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसलेल्या पोराला मात्र दहा जण विचारतात.

तासिका_तत्त्व | १० जानेवारी, दुपारी १२.४०

ग्रंथपालाचं पद तरी कुठं भरलंय सगळीकडं? आमच्याकडं रिकामं आहे. पण जिथं आहे तिथं जरूर करा.

रूम_नंबर_चौदा | १० जानेवारी, दुपारी २.३०

मी अजून शिकतोय, परभणीला, कृषी विद्यापीठात. मोठ्या माणसांच्यात बोलू का नको म्हणून कालपासून नुसतं वाचत होतो.

सर, तुम्ही पाच जणांना विचारलं. त्याच्या रूममेटला विचारलं का?

बालाघाटकर | १० जानेवारी, दुपारी २.५५

नाही विचारलं.

बालाघाटकर | १० जानेवारी, रात्री ९.२०

आत्ताच हॉस्टेलवरून आलो. रूममेटला सगळं माहीत होतं. हप्ता, जेवण, वाचनालय, वडिलांची कंबर, उचल, जाण्याचा दिवससुद्धा. तो निघाला तेव्हा यानं स्वतःजवळचे तीनशे रुपये त्याला दिले. मी विचारलं, "अरे, मग आम्हाला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सर, कुणाला सांगायचं असतं ते माहीत नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं मी चुगली केली."

मी बराच वेळ तिथंच त्या रिकाम्या खाटेवर बसलो होतो.

रूम_नंबर_चौदा | १० जानेवारी, रात्री ९.४८

आमचं तसंच असतं सर. मित्राला कळतंच. पण पोलिसाला सांगितल्यासारखं वाटतं. मित्राचं नाव सांगितल्यावर त्याच्या घरी फोन जाणार नाही, वर्गात विषय निघणार नाही, एवढी खात्री कुणी दिली तर आम्ही सांगू. आमच्या इथं एका सरांनी ती दिली आणि पाळली, म्हणून त्यांच्याकडं रांग असते.

शेवटची_गाडी_सव्वापाच | ११ जानेवारी, सकाळी ८.१०

या मुलानं सगळ्यांत महत्त्वाचं सांगितलं. शाब्बास रे बाळा.

तेरणा_तीर | ११ जानेवारी, सकाळी १०.००

ग्रुप बंद केला. आमच्या प्राचार्यांना धागा वाचायला दिला. ते म्हणाले, समिती नेमू. मी म्हटलं, साहेब, समित्या सात आहेत, आठवी नको, एक टेबल द्या. विचार करतो म्हणालेत. मी पाठ सोडणार नाही.

बालाघाटकर | १४ जानेवारी, रात्री ८.३०

तिळगूळ घ्या, सगळ्यांनी. चार दिवसांत काय झालं ते सांगतो.

आमच्या ग्रंथपाल मॅडम तयार झाल्या आहेत. दुसरं नाव माझं. माझे आठवड्याचे तीन तास कमी करायला प्राचार्यांनी मान्यता दिली, लेखी घेतली. मेस, हॉस्टेल, कार्यालय आणि आम्ही सगळे शिक्षक, कुणालाही खूण दिसली तर फक्त मॅडमना सांगायचं, तोंडी, कारण न लिहिता. खिडकीवरून अडकलेल्या अर्जांची यादी दर सोमवारी मॅडमच्या हातात. शनिवारी संध्याकाळी मी हॉस्टेलच्या खोल्यांतून फिरणार आहे, जुना_विद्यार्थी काका, तुमच्या रेक्टरांसारखा. रूममेट मुलांना बोलावून आम्ही शब्द दिला आहे, आणि तो मोडला तर तोंडावर विचारा असंही सांगितलं आहे. लातूरच्या ताईंनी सुचवलेला क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावला. समुपदेशकाचं अजून जमलेलं नाही, न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडून संस्थेला पत्र दिलंय.

खिडकी_क्रमांक_दोन, तुमचा अंदाज खरा निघाला. रूममेटनं त्याला फडावर फोन लावून दिला, त्यानं तिथूनच आधारची जोडणी तपासली. हप्ता मोबाइलच्या त्या खात्यात पडून होता. ६,२०० रुपये. हे पैसे वेळेत दिसले असते तर मेसची बाकी फिटली असती. कोयता सुटला असता का, ते मात्र मी सांगू शकत नाही.

तो परीक्षा द्यायची म्हणतोय. मार्चपर्यंत फड सोडता येणार नाही, वडिलांची उचल फिटायची आहे. हजेरीचं प्राचार्यांशी बोलणं चालू आहे. रात्री पालात मोबाइलच्या उजेडात अभ्यास करतो म्हणाला. नोट्स आणि पुस्तकं पोचवायची आहेत. कुरिअर फडापर्यंत जात नाही.

औंढ्याची_वाट | १४ जानेवारी, रात्री ८.५२

सर, मी शनिवारी कामानं कोल्हापूरला जातोय, गाडी माझीच. वाट वाकडी करायला काही अडचण नाही. ठिकाण त्याला विचारून मगच मला कळवा. मी येऊ का, हेही त्यालाच विचारा.

बालाघाटकर | १४ जानेवारी, रात्री ९.२५

विचारलं. "येऊ द्या" म्हणाला.

पुस्तकं मॅडमनी बांधून ठेवली आहेत, परतीची तारीख टाकलेली नाही. माझ्या वह्या त्यात आहेत. वॉचमनकाकांनी त्यांची विजेरी दिली, नवे सेल घालून. मावशींनी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी दिल्या आहेत, आठ दिवस टिकतील म्हणाल्या. गाठोडं उद्या सकाळच्या पुणे गाडीनं पाठवतो, कंडक्टरशी बोलून ठेवलंय. स्वारगेटला घ्याल का?

औंढ्याची_वाट | १४ जानेवारी, रात्री ९.३१

घेतो. गाडीचा नंबर टाका.